गरुडाच्या वरची पायरी

जेवायच्या आधी हात धुणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण जेवायच्या आधी जेवणाचीच उलटतपासणी घेणारा माणूस आमच्या मामांशिवाय दुसरा नसावा. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. ताटात काहीही येवो, अंडं, दूध, मासा, मध, अगदी देवळातला प्रसाद, मामा आधी त्याच्याकडे चष्म्याच्या वरून बघतात आणि विचारतात, “यानं काय खाल्लं हुतं?” हा प्रश्न ते वाढणाऱ्याला विचारतात की त्या पदार्थाला, हे मला सुरुवातीला बरेच दिवस कळत नव्हतं. अंडं आलं की कोंबडीने काय खाल्लं, मका खाल्ला असेल तर तो मका कुठल्या रानातला, त्या रानात त्याआधी काय होतं, कपाशी असेल तर तिच्यावर काय मारलं होतं, असा तो प्रश्न मागे मागे जात राहतो आणि तोवर अंडं गार होतं. आत्या म्हणते, “माझं निम्मं आयुष्य जेवन पुन्हा गरम करन्यात गेलं.”

मी मूळची पारनेरच्या कोरडवाहू भागातली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे कॉलेज म्हणजे नक्की काय असतं हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. श्रीरामपूरला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा आईने मला कपड्यांच्या पिशवीसकट जवळच बेलापूरला आत्याकडे आणून सोडलं. तिथल्या पहिल्याच जेवणात मी आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी काढली, तर मामांनी विचारलं, “शेंगा कुनाच्या?” मी म्हटलं, “आमच्याच रानातल्या.” “मुळं खानाऱ्या हुमणीला काय टाकलं हुतं?” मला वाटलं, विज्ञान शाखेला गेलं की हे सगळं यायला हवं असतं. मी पुढच्या खेपेला वडिलांना विचारून आले आणि मामांना सांगितलं, की काही टाकलं नव्हतं, टाकायला परवडलंच नाही. मामा इतके खूश झाले की त्यांनी ती चटणी तीन भाकरींबरोबर खाल्ली आणि वर आत्याला म्हणाले, “गरिबाघरचं अन्न लई शुद्ध असतं बघ.” मला त्यात आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं ते समजेना. पण घर आपलं आहे असं मला त्या दिवसापासून वाटू लागलं, हेही खरं.

मामांबरोबर श्रीरामपूरच्या बाजारात जाणं हा एक अनुभव असतो. तिथल्या मासेवालीला त्यांनी एकदा मोठ्या थोरल्या माशाकडे बोट दाखवून नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा ती कोयता तसाच हातात धरून म्हणाली, “शेठ, मी काय त्याच्या पंगतीला हुते व्हय?” मामा जराही चिडले नाहीत. उलट तिथेच उभं राहून, मागे चार गिऱ्हाइकं थांबलेली असताना, त्यांनी समजावून सांगितलं, की मोठा मासा म्हणजे लई दिवस जेवलेला मासा. पाण्यातल्या शेवाळात थोडं विष असतं, ते इतकं कमी की मोजायलाही सापडू नये. किडे असं पुष्कळ शेवाळ खातात. लहान मासे असे पुष्कळ किडे खातात. आणि हा थोरला असे पुष्कळ लहान मासे खाऊन बसलेला असतो. “शेवाळ पचतं, किडा पचतो, मासा पचतो. ते काही पचत न्हाई. ते चरबीत जाऊन बसतं नि पुढच्याच्या पोटात जातं. लहान माशाला पाप करायला येळच मिळाल्याला न्हाई, म्हनून मी लहानच घेतो.” मागच्या गिऱ्हाइकाने हातातला मोठा मासा गुपचूप परत टोपलीत ठेवला. तेव्हापासून ती बाई मामा लांबून येताना दिसले की त्यांच्यासाठी लहान मासे आधीच बांधून ठेवते, म्हणजे त्यांना तोंड उघडायची गरज पडू नये.

एका जत्रेच्या आदल्या दिवशी तर मामा बोकडामागे दिवसभर हिंडले. ज्याचं मटण उद्या खायचं तो आज काय खातो ते डोळ्यांनी बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बोकड बांधाबांधाने चरत होता आणि मामा डोक्याला टॉवेल बांधून त्याच्यामागे. संध्याकाळी दमून घरी आले, ओसरीत टेकले आणि म्हणाले, “लई चांगलं जेवला. बाभळीच्या शेंगा, बोराटीचा पाला. फवारल्याल्या रानाकडं ढुंकूनसुदिक बघितलं न्हाई त्यानं.” सगळ्यांना हायसं वाटलं, की यंदा जत्रेचं जेवण सुखाने होणार. दुसऱ्या दिवशी मामांच्या ताटात रस्सा वाढला, तर त्यांनी ताट सरकवलं. आत्याने कपाळावर हात मारून घेतला. “अवो, आता काय? काल तर दाखला दिला की त्याला!” मामा खाली बघत म्हणाले, “वळख झाली हुती गं.”

ही सगळी मजा वाटते, पण मामा पहिल्यापासून असे नव्हते. श्रीरामपुरात त्यांचं बी-बियाण्याचं आणि औषधांचं दुकान होतं. पिकावर जे फवारतात त्याला आमच्याकडे औषधच म्हणतात. मी लहानपणी एकदोनदा त्या दुकानात गेले होते. आत शिरलं की घशात खवखवायचं आणि डोळ्यांना पाणी यायचं. शेतकरी यायचे, किडलेलं वांगं गल्ल्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, “शेठ, जालीम काय आसंल ते द्या.” आणि मामा द्यायचे. आत्या सांगते, की तेव्हा ते हातानेच पुड्या सोडायचे आणि त्याच हाताने पान खायचे. मग एका पावसाळ्यात घरच्या कोठीत उंदीर फार झाले म्हणून मामांनी दुकानातलं उंदराचं औषध आणून ठेवलं. उंदीर लगेच मेले नाहीत, नुसते सुस्तावले. आत्याच्या मांजरीने त्यांचा आयता फडशा पाडला. मांजर गेली. तिला चिंचेखाली पुरलं, तर गल्लीतल्या कुत्र्याने उकरली, आणि मग ते कुत्रंही आजारी पडून गेलं. आत्या मांजरीसाठी दोन दिवस जेवली नाही. मामा चिंचेखाली उभे राहून एकच वाक्य म्हणत राहिले, “मी तर उंदराला घातलं हुतं. मी तर फक्त उंदराला घातलं हुतं.”

त्यानंतर दुकान चालू होतं, पण दुकानदार बदलला. औषध मागायला आलेल्या माणसाला मामा विचारायचे, “वांगी कधी तोडनार?” तो म्हणायचा, “उद्या बाजार हाय, सकाळी तोडतो.” “मंग आज फवारायचं न्हाई. परत जा.” काही शेतकरी घरच्यासाठी भाजीची एक सरी न फवारता वेगळी ठेवतात. ते मामांना कळलं, की मामा दुकानातच ओरडायचे, “घरला एक सरी आन् बाजारला सगळं रान? बाजारात जेवनारा काय तुझा वैरी हाय व्हय?” गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊ लागली. समोरचा दुकानदार दर दिवाळीला मामांकडे मिठाईचा पुडा पाठवायचा, असं आत्या सांगते, आणि मामा तो पुडा उघडून विचारायचे, “या खव्याची म्हैस काय खात हुती?” शेवटी दुकान बंद झालं. मामांनी ते बंद केलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी ते बोलून बोलून संपवलं.

त्यांना एकच मुलगी, माझी आतेबहीण. मी तिला ताई म्हणते. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा मी घरातच होते. मुलाच्या वडिलांचा राहुरीकडे कोंबड्यांचा व्यवसाय. मुलगा काय करतो, शिकलाय किती, हे सगळं राहिलं बाजूला, मामांनी पहिला प्रश्न काढला, “तुमच्या कोंबड्या काय खातात?” त्यांनी सांगितलं, की तयार खाद्य आणतो, गोणीत येतं. “गोणीत कुठनं येतं?” ते पाहुण्यांनी कधी विचारलं नव्हतं. मग मामांनी आत्याला तिखटाची वाटी आणायला सांगितली. ताई पोह्यांच्या बश्या देत होती, मामांनी प्रत्येक बशीत कडेला एकेक चिमूट तिखट टाकलं आणि म्हणाले, “येवढ्यानं कुनाला काय होतं? काई न्हाई. ह्या झाल्या किड्यामुंग्या.” मग त्यांनी चमच्याने प्रत्येक बशीतला तेवढाच लाल झालेला भाग उचलून मुलाच्या वडिलांच्या बशीत गोळा केला आणि बशी त्यांच्यापुढे धरली. “बाकीचे पोहे पचून गेले. तिखट ऱ्हायलं. घ्या. तुमी सगळ्यांच्या वरचं, तुमी गरुड.”

मी आणि ताई दाराआड एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होतो. आता हे लोक उठून जाणार, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. त्या गृहस्थांनी बशीकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि सरळ दोन घास खाल्ले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, “पाव्हणं, पोरगी पसंत हाय. पन लगीन झाल्यावर मला जेवायला बोलावू नका.” असं ते लग्न ठरलं. पुढे ते खाद्यवाल्याला पत्ता विचारून गोणी भरतात ती जागा बघून आल्याचंही कळलं. मामांच्या प्रश्नाने कुणाचं काही कायमचं बदललं असेल, तर ते एवढं एकच उदाहरण मला माहीत आहे.

स्वतःच्या मरणाचीसुद्धा त्यांनी व्यवस्था लावून ठेवली आहे. “माझ्या पिंडाचा भात बिनफवारनीच्या तांदळाचा करा,” असं ते जेवता जेवता सांगतात. “कावळ्याच्या पोटात जानार हाय. मी मेलो ते मेलो, त्याला कशाला मारता?” आत्या म्हणते, “तुमच्या पिंडाला कावळा शिवनारच न्हाई. तुमीच त्याला आधी विचारनार, सकाळपासनं काय खाल्लं रं बाबा?”

तर असे आमचे मामा. त्यांचं बोलणं ऐकून घरात आम्ही हसायचो, आणि मला वाटतं, हसत होतो तोवर कुणाला त्याची भीती वाटली नव्हती.

मी शेवटच्या वर्षाला असताना ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. घरात धुरी, तेल आणि ओव्याचा वास भरून राहिला. गल्लीतल्या बायका रीतीप्रमाणे बाळंतिणीसाठी काही ना काही घेऊन यायच्या. कुणी डिंकाचे लाडू, कुणी अळिवाची खीर, आणि शेपूच्या जुड्या तर रोज, कारण शेपूने अंगावर दूध येतं. मामा दारातच बसलेले. “शेपू कुठली? शेजारच्या वाफ्यात फ्लॉवर हुता का? फवारलं तवा वारं कुठल्या अंगाचं हुतं?” एकदा शेजारच्या काकू कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “शेठ, लेकीला भाजी आनलीय. माझी पोरगी दाखवायला न्हाई आनली!” हळूहळू जुड्या यायच्या कमी झाल्या. मामांनी परसात स्वतःच शेपू पेरली आणि ती उगवेपर्यंत रोज तिच्यापुढे उकिडवे बसून राहिले.

त्याच दिवसांत कॉलेजात मला सेमिनारसाठी विषय मिळाला: अन्नसाखळीत विष कसं साठत जातं. मला चारचौघांत बोलायची फार भीती वाटते, पण हा विषय ऐकून मला पहिल्यांदाच वाटलं, की याबद्दल माझ्या घरात कुणीतरी जाणकार आहे. घरी येऊन मामांना सांगितलं, तर ते एखाद्या मुलाचा पहिला नंबर आल्यासारखे उठून उभे राहिले. संध्याकाळी चहानंतर मी ओसरीत मोठा कागद पसरून चित्र काढलं. खाली गवत, त्यावर टोळ, मग बेडूक, मग साप, आणि सगळ्यात वर पंख पसरलेला गरुड. मामांनी बराच वेळ बघितलं. प्रत्येक पायरीला विष कसं घट्ट होत जातं ते त्यांनी मला आमच्याकडच्या उदाहरणांनी सांगितलं. सगळीच औषधं अशी नसतात, काही उन्हापावसाने विरून जातात, पण काही चिवट असतात, आजोबाने टाकलेली नातवाच्या रानात सापडतात, हेही सांगितलं. आणि मग गरुडाच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, “हितं चित्र अपुरं हाय. गरुडाच्या वर अजून एक पायरी हाय. पुस्तकवाले ती काढत न्हाईत.”

“ती कुठली?”

“मानूस सगळं खातो. गहू, दूध, अंडी, मासे. मंग मानसाच्या वर कोन? त्याला कोन खातं?” मामांचा आवाज चढला होता, चांगला श्रोता मिळाल्यावर चढतो तसा. “अंगावर पिनारं बाळ. त्याच्या आईच्या अंगात जे जे साठलंय ते दुधातनं तिथं जातं. सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्यालं असतं ते बिचारं, तोंडात दात न्हाई त्याच्या.”

मी ते लिहून घेतलं. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाळ रडत होतं. ताई त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती, पण पदराखाली घेत नव्हती. “दूध येत नाही,” म्हणाली. मला पैसे देऊन तिने मेडिकलमधून दुधाच्या पावडरचा डबा आणायला सांगितला. मी आणला, मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आत्याने मात्र स्वयंपाकघरातून येऊन तिच्याकडे नीट बघितलं. “पदर भिजलाय तुझा, आन् दूध येत न्हाई म्हनतीस?”

ताई एकदम रडायला लागली. बाळ आणि ती दोघीही. मग हुंदक्याहुंदक्यातून निघालं, की तिने सगळं ऐकलं होतं. “आई, माझं लहानपण कुठं गेलं? त्या दुकानात. शाळा सुटली की तिथंच यायचे मी. औषधाच्या खोक्यावर बसून गृहपाठ करायचे. तिथंच डबा खायचे. हात तरी धुवायचे का नाही कुणास ठाऊक. माझ्या अंगात किती असेल गं ते? आणि ते मी हिला पाजू?”

मामा शेपूची जुडी हातात घेऊन दारात उभे होते. परसातली, त्यांनी स्वतः पेरलेली, नुकतीच उपटलेली. मुळांना अजून माती होती. त्यांनी जुडी उंबऱ्यावर ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि स्कूटर काढून निघून गेले. आत्या म्हणाली, “झालं. आता हे पुलावर जाऊन बसतील, पानी बघत.” प्रवरेच्या पुलावर जाऊन बसणं ही मामांची दुःख करायची पद्धत होती.

पण ते पुलावर गेले नव्हते. थोड्या वेळाने स्कूटर परत आली, तेव्हा मागे सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर बसल्या होत्या, एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने मामांचा सदरा घट्ट धरून. उतरल्या त्या बोलतच. “या मानसानं मला हातातला चहासुद्धा खाली ठेवू दिला नाही. कुठाय पोरगी?”

त्या ताईजवळ बसल्या, बाळाचे ओठ, टाळू बघितली आणि तिला सरळ सांगितलं, “असंल की थोडंफार. तुझ्या अंगात असंल, माझ्या असंल, तुझ्या वडलांच्या तर पिंपभर असंल. या जगात राहिलेल्या कुनाच्या अंगात नाही? नाही असं मी खोटं सांगणार नाही. पन त्यापायी बाळाचं दूध तोडायचं, असं कुठलाच डॉक्टर सांगत नाही. आजाराशी लढायची ताकद हिला तुझ्याच दुधातनं मिळनार. ते डब्यात भरता येत नाही. मी आयुष्यभर हेच काम केलंय, बाई. पाज तिला.”

ताईने मान हलवली, पण तिचा हात पदराकडे जाईना. तिचे डोळे सारखे फळीवरच्या डब्याकडे जात होते. डब्यावर एक गुबगुबीत बाळ हसत होतं. बाळाचं रडणंही आता दमलं होतं. नुसतं कुरकुरत होतं, आणि ते जास्त वाईट वाटत होतं. सिस्टर माझ्याकडे बघू लागल्या, मी आत्याकडे.

तेव्हा मामा आत आले. बाळंतिणीच्या खोलीत ते सहसा येत नसत. त्यांनी फळीवरचा डबा उचलला, चष्मा नाकावर घेतला आणि सवयीने तो सगळीकडून फिरवून वाचला. मग ताईला विचारलं, “ही गाय कुठली?”

त्यांनी डबा परत एकदा फिरवला.

“हिनं काय खाल्लं हुतं?”

“आप्पा, ते मला कसं माहीत असणार?” ताई म्हणाली.

“मला पन म्हाईत न्हाई.” मामांनी डबा खाली ठेवला. “तुझं मला म्हाईत हाय. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खायचीस, गूळ घातल्याशिवाय तोंड उघडायची न्हाईस. कारलं कधी खाल्लं न्हाईस, ताटाखाली लपवायचीस. परसातले पेरू पिकायच्या आधी खायचीस आन् मंग पोट दुखतंय म्हनून शाळा बुडवायचीस. आजीनं भाजल्याली कनसं. नदीकाठची बोरं. सगळं माझ्या म्होरं खाल्लंयस.” त्यांनी चष्मा काढला. “आन् दुकानातला डबा. त्यो उघडायच्या आधी मी तुझं हात धुवून द्यायचो. रोज. साबनानं, दोनदा. डोळ्यात साबन जातोय म्हनून तू रडायचीस. तू इसरलीस. मी न्हाई इसरलो.”

“तुम्ही धुवायचा?”

“तर काय तुझी आई येत हुती तिथं?”

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग रडता रडता तिला थोडं हसू आलं, आणि तिने बाळाला पदराखाली घेतलं. मामांनी झटकन तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, एक खिळा होता. त्या खिळ्याकडे बघत ते बराच वेळ उभे राहिले. बाळाचे घोट ऐकू येऊ लागले. सिस्टर म्हणाल्या, “आता चहा करा कुनीतरी. माझा राहिलाय.” चहा आला. त्यांच्या कपातल्या दुधाबद्दल मामांनी काही विचारलं नाही.

नंतर मी आणि आत्या मागे भांडी घासत होतो. मी म्हटलं, “आत्या, मामा तेव्हापासूनच एवढी काळजी घ्यायचे?” आत्या राखेने तवा घासत राहिली. “तवा त्यांचंच हात धुवायचा पत्ता नसायचा,” ती म्हणाली. “गिऱ्हाइकाच्या गर्दीत लेक कधी आली नि कधी जेवली हेसुदिक दिसत नसंल त्यांना. रोज धूत आसतील का, देव जाने.” मग तवा पालथा घालून म्हणाली, “मी काही विचारलं न्हाई. तू बी विचारू नगंस.”

मी विचारलं नाही. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचं कुठलंही उत्तर पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय घेतलं नाही, त्याच्या या एका उत्तराला आमच्या घरात कुणीच पुढचा प्रश्न केला नाही. ते खरं असेल. मला तरी ते खरंच असावं असं वाटतं.

सेमिनारला मी तोच कागद घेऊन गेले. गरुडाच्या वर मी पेन्सिलने एक लहान गोल काढला होता, बाळाच्या डोक्याएवढा. त्याबद्दल बोलताना मी सिस्टरांनी सांगितलेलंही सगळं सांगितलं, की या पायरीवरचं दूध तोडायचं नसतं, त्याच्या खालच्या पायऱ्या नीट करायच्या असतात. सरांनी विचारलं, “हे कुठल्या पुस्तकात आहे?” मी म्हटलं, “सर, घरी आहे.” वर्ग हसला. मला वाईट वाटलं नाही.

ताई सासरी गेली. तिच्या मुलीला आता चार दात आले आहेत आणि ती मातीसुद्धा खाते, असं आत्या सांगते. मामांचा प्रश्न मात्र बंद झाल्यासारखा झाला आहे. मासेवालीने एकदा आत्याला विचारलं म्हणे, “शेठची तब्येत बरी हाय ना? परवा नुसतेच मासे घेऊन गेले.” परसात आता शेपूबरोबर मेथी, वांगी आणि घेवडाही आहे, आणि त्यातली पहिली तोड गल्लीतल्या सगळ्या घरी जाते. काकू म्हणतात, “शेठ, वारं कुठल्या अंगाचं हुतं?” आणि मामा हसतात, पण पूर्वीसारखं उत्तर देत नाहीत.

मी आता पुढच्या शिक्षणासाठी शहरात, सावेडीला खोली घेऊन राहते आणि मेसमध्ये जेवते. मामांचा फोन रोज येतो. “काय खाल्लंस?” मी सांगते, फ्लॉवरची भाजी, पोळी, भात. मग पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. तो पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला असतो, हे मला कळतं, आणि मला फार वाटतं, की त्यांनी तो एकदा तरी पूर्वीसारखा मोठ्या आवाजात विचारावा. ते फक्त म्हणतात, “बरं. पोटभर जेव.”

मेसमध्ये माझ्या मैत्रिणी ताटावर बसूनही जातात. मला मात्र उशीर होतो. मी बेसिनपाशी साबणाने हात धुते, दोनदा.